आत्यांचं लिव्हर कोणी बिघडवलं?

१

"डॉक्टरबाई, माझी आई माझ्या आत्याला विष घालतेय."

खोलीचं कुलूप काढून मी अजून पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती, आणि दारात उभी राहून एक तिशीची मुलगी मला हे ऐकवत होती. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले, छातीशी फाइल.

"आधी बस," मी म्हटलं. "विषाचं नंतर बघू. पाणी पी."

मी पोलीस नाही. या कॅन्सरच्या हॉस्पिटलात मी लिव्हरचे फोटो वाचते. केमोचं औषध कॅन्सरला मारतं खरं, पण जाता जाता लिव्हरलाही चार फटके देऊन जातं. कुणाच्या लिव्हरवर चरबी चढते, कुणाचं कडक होत जातं. पूर्वी हे बघायला बरगड्यांमधून सुई घालून तुकडा काढावा लागे. आता आम्ही कुशीला जेल लावतो, प्रोब टेकवतो, मशीन आत एक हलकासा धक्का पाठवतं आणि त्याची लाट किती वेगानं पळाली ते मोजतं. मऊ लिव्हरमध्ये ती रमतगमत जाते, कडक लिव्हरमध्ये सुसाट सुटते. मऊ असेल तर पडद्यावर निळा रंग, कडक असेल तर लाल. सुई नाही, रक्त नाही, दुखणं नाही. आणि फोटो सहसा खोटं बोलत नाही. बोललाच, तर गाठ माझ्याशी आहे.

मुलीची आत्या आमची जुनी पेशंट. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, उरलासुरला कॅन्सर मारायला केमो चालू, शेवटचे दोन डोस बाकी. लग्न केलं नाही, भावाकडे राहते, शिवणाचे क्लास घेते. गल्लीतल्या निम्म्या पोरी तिच्याकडे टाका घालायला शिकल्या, त्यामुळे सगळी गल्ली तिला आत्याच म्हणते. स्वतःचं खरं नाव तिला तरी आठवतं की नाही, देव जाणे.

"मागचा फोटो तुम्हीच काढला होतात," मुलगी म्हणाली. "सगळं निळं होतं. गेल्या आठवड्यात परत काढला, तेव्हा तुम्ही रजेवर होतात. आता हे बघा."

मी रिपोर्ट बघितला. लिव्हर कडक, रंग लाल, आकडा आधीच्या जवळजवळ तिप्पट.

"केमोवाले डॉक्टर म्हणतात, एवढं अचानक बिघडायला नको होतं, घरी काही देता का? आणि आई तिला रोज सकाळी पावडर घालून दूध देते. कसली पावडर विचारलं की डबा पाठीमागे लपवते! आज दुपारी डॉक्टर ठरवणार, बहुतेक केमो बंदच करणार. दोन डोस राहून गेले आणि कॅन्सर परत आला तर हो?" तिनं बाहीनं डोळे पुसले. "आई नोकरीला जायची, मला आत्यानं वाढवलंय. आत्याला काही झालं ना, तर मी जन्मात आईचं तोंड बघणार नाही."

"तोंड बघायचं की नाही ते दुपारी ठरव," मी म्हटलं. "तोवर फाइल माझ्याकडे दे."

बाहेर आमच्या भोंग्यानं आरोळी ठोकली, "आत याऽऽ!" भोंगा म्हणजे आमचा दारावरचा माणूस. निवृत्तीला आलाय, पण आवाज अजून विशीतला. कॅन्सरच्या पेशंटचं नाव चारचौघांत पुकारायचं नाही असा वरचा नियम आला, तेव्हापासून बिचाऱ्याकडे हे दोनच शब्द उरलेत, आणि ते तो जीव तोडून वापरतो.

मी आत्यांचे रक्ताचे रिपोर्ट काढले. लिव्हरचे सगळे आकडे ठाकठीक. रक्त म्हणतंय सगळं छान, फोटो म्हणतोय वाट लागली. दोघांपैकी कोणीतरी थाप मारत होतं.

२

बाहेर बाकावर तिघी बसल्या होत्या. मधे आत्या, हडकुळ्या, डोक्याला रुमाल, गालावर हसू. एका बाजूला त्यांची वहिनी, ओठ घट्ट मिटून. दुसऱ्या बाजूला पोस्टातल्या बाई. या आमच्या दुसऱ्या पेशंट, आत्यांच्याच औषधावर. अंगानं भरलेल्या आणि जिभेनं त्याहून.

"या बाई या!" पोस्टातल्या बाई मला बघताच सुरू झाल्या. "वर केमोला बोलावलंय, पण वरची बाकं कसली ती, बसलं की कंबर धरते. म्हणून इथे टेकलेय. काय हो, तुमच्याकडे रांगेला काही अर्थ आहे की नाही? मागच्या वेळी माझा नंबर होता. मी जरा वाकून सँडलचा पट्टा सैल करतेय, मान वर करते तर दुसरंच कोणीतरी आत! आमच्या पोस्टात असं कोणी करून दाखवावं, काउंटरवरून उचलून बाहेर ठेवीन."

"सँडल घट्ट होतात?"

"सगळंच घट्ट होतंय. खाते-पिते घरची आहे मी." त्या खदखदा हसल्या. "पण लिव्हर बघा माझं! रिपोर्टमध्ये लिहिलंय, एकदम मऊ. लोणी आहे लोणी."

मी त्यांना हसून मान डोलावली आणि वहिनींना आत घेतलं. खुर्चीत बसायच्या आधीच त्या तडकल्या.

"कळलं मला पोरीनं काय सांगितलं ते. नऊ महिने पोटात वागवलं त्याचं हे फळ! मी वन्संना विष घालीन? अहो, मी नोकरी करू शकले ती त्यांच्या जिवावर. माझ्या पोरीच्या पहिल्या दिवशीचा शाळेचा डबा त्यांनी भरला. ऑपरेशन झालं तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसून होते, ही पोरगी नव्हे."

"मग डबा का लपवता?"

वहिनींनी पिशवीत हात घालून डबा काढला आणि टेबलावर आपटला. डब्यावर एक पहिलवान दंड फुगवून उभा होता. त्याच्या एकेका दंडात आत्या मावल्या असत्या.

"शेजारचा पोरगा व्यायामशाळेत जातो," वहिनी भिंतीकडे बघत म्हणाल्या. "त्याच्याकडून मागवली. वन्सं किती वाळल्यात बघता ना. म्हटलं जरा अंग धरतील. पण हा बाप्या बघून पोरगी मला जन्मभर हसली असती."

एरवी मीही हसले असते. पण डब्याच्या पाठीमागचं बारीक अक्षरातलं वाचलं आणि माझं हसू मावळलं. अर्ध्या गोष्टींची नावं लिहिली होती, उरलेलं "गुप्त मिश्रण". असल्या डब्यांनी धडधाकट पोरांची लिव्हरं बिघडलेली मी स्वतः बघितली आहेत. इथे तर केमो चालू असलेली बाई होती.

"रोज देता?"

"एकही दिवस चुकवलेला नाही," वहिनी अभिमानानं म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. "का हो? काय झालं? पोरगी खरं बोलत होती की काय?"

३

पुरावा हातात आल्याशिवाय निकाल देणं माझ्या स्वभावात नाही. वहिनींना बाहेर बसवून मी आत्यांना बोलावलं.

आत्या आल्या, बसल्या, आणि आधी माझ्या एप्रनची सुटलेली शिवण बघून त्यांनी च्‌च्‌ केलं. "सुईदोरा आहे का? बोलता बोलता घालते."

"राहू द्या हो आत्या. तुमच्याच कपड्यांवर किती टिपा मारल्यात ते दिसतंय की."

"हे होय?" त्यांनी अंगातल्या झग्याची कूस चिमटीत धरून दाखवली. "ऑपरेशननंतर दोनदा आत घेतला. गेल्या महिन्यात परत टीप मारली. आता आणखी आत घ्यायला कापडच उरलं नाही. पुढच्या वेळी मलाच उसवून नव्यानं शिवावं लागेल."

"आत्या, एक विचारते, खरं सांगायचं. वहिनींचं दूध रोज पिता?"

त्यांचं हसू जरा डळमळलं. दाराकडे एकदा बघून घेतलं.

"वहिनीला सांगणार नाही ना?"

"ते मी ठरवीन."

"नाही पीत," आत्या कुजबुजल्या. "केमो सुरू झाल्यापासून दुधाच्या वासानं मळमळतं. पण ती इतक्या मायेनं आणते, पेला हातात देते, समोर उभी राहते. मी म्हणते, जरा गार होऊ द्या. ती वळली की खिडकीतल्या कुंडीत. सगळंच्या सगळं. एक थेंब पोटात गेला असेल तर शपथ!"

"आणि कुंडीतलं झाड?"

"छताला टेकलंय हो! परवा दादा म्हणत होता, याला काय घालता?"

मी मोठ्यांदा हसले, आणि माझ्या छातीवरचं एक ओझं उतरलं. वहिनी सुटल्या. पावडर चांगली की वाईट ते त्या झाडाला विचारा, पण आत्यांच्या लिव्हरशी तिचा संबंध आलाच नव्हता. पुन्हा येऊही द्यायचा नाही हे मी मनात पक्कं केलं.

"गेल्या आठवड्यात फोटो काढला त्या दिवशी काही वेगळं घडलं होतं का? उशीर, धावपळ, भांडण?"

"छे! उलट इतकं पटकन कधी झालं नव्हतं. बाकावर टेकले न टेकले तोच हाक आली. तुमचा तो दारावरचा माणूस दिसायला दांडगा, पण फार मायाळू हो. मला आत्या म्हणतो. घरच्यासारखं वाटलं बघा. म्हटलं, इथेही कोणीतरी आपलं आहे."

हे ऐकून मी मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले, तेवढ्यात टेबलावरचा फोन खणखणला. केमोवाले डॉक्टर होते. हॉस्पिटलात त्यांना सगळे तोफ म्हणतात, आणि फोन कानापासून वीतभर लांब धरला की का ते कळतं.

"बाई! तुमच्याकडे बसलेल्या शिवणवाल्या पेशंटचं मी ठरवलंय! दुपारची वाट कशाला बघायची? उरलेले डोस रद्द! दहा मिनिटांत खाली येतो, त्यांना सांगून टाकतो!"

आत्यांनी समोर बसून शब्द न् शब्द ऐकला होता. त्यांचे हात मांडीवर गप्प पडले. शिवणाऱ्या बाईचे हात असे रिकामे पडलेले मला बघवेनात.

"डॉक्टर," मी फोनमध्ये म्हटलं, "खाली या, पण तोंड मी सांगितल्याशिवाय उघडू नका."

४

आत्यांना मी बाहेर बसवलं, तोवर तोफ खाली आली ती धडधडतच.

"माझा डोस चुकलेला नाही," त्यांनी दारातच जाहीर केलं. "वजन कमी झालं तसा मी डोसही कमी केला. हवं तर तपासा."

"तपासला. बरोबर आहे."

"मग घरचं काहीतरी."

"पावडर कुंडीनं प्यायली. तेही नाही."

"मग उरतं काय? फोटो सांगतोय ना लिव्हर बिघडलं! तुमचाच फोटो, तुमचंच मशीन! एरवी तुम्हीच म्हणता फोटोवर विश्वास ठेवा."

"ठेवते की. म्हणून तर आता नीट बघणार आहे. माझ्या जागी आलेल्या डॉक्टरांनी आकडा बघितला आणि रिपोर्ट लिहिला. फोटो बघितला नाही."

मी अबोलीला बोलावलं. अबोली आमची टेक्निशियन. हात सोन्याचा, पण तोंड उघडायला जणू पैसे पडतात. पेशंट आत आला की ती हातानं पलंग दाखवते, हातानं कूस वळवायला सांगते, संपलं की हातानंच टिश्यूचा डबा पुढे करते. पेशंटला वाटतं, मुकी आहे.

"अबोली, त्या दिवशी मशीन बिघडलं होतं?"

तिनं मान हलवली. नाही.

"मापं किती घेतलीस?"

तिनं दोन्ही हातांची बोटं दाखवली. दहा.

"सगळी सारखी?"

मान. हो. मग तिनं चक्क तोंड उघडलं. "सकाळी तपासलं होतं मशीन. माप आधीच ठाऊक असलेल्या ठोकळ्यावर. चोख होतं."

तिनं एवढं मोठं वाक्य बोलल्याचं मला आठवत नव्हतं, म्हणून मी त्यावर लगेच विश्वास ठेवला. माप बरोबर, मशीन बरोबर, डोस बरोबर, वहिनी बरोबर. सगळेच साव, आणि चोरी तर झालेली.

मी दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले. डावीकडे जुना, निळा. उजवीकडे गेल्या आठवड्याचा, लाल. तोफ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांची नजर रंगावर होती, सगळ्यांचीच असते. मी रंग झाकला. मशीनवर तशी सोय असते, रंग काढला की खाली साधा काळापांढरा फोटो उरतो.

"काय बघताय?" तोफ म्हणाले.

"कातडी."

फोटोत सगळ्यात वर कातडी दिसते, तिच्या खाली चरबीचा थर, मग स्नायू, मग लिव्हर. बाजूला पट्टी असते, कुठली गोष्ट किती खोल ते सांगणारी. जुन्या फोटोत कातडीपासून लिव्हरपर्यंतचं अंतर माझ्या नखाएवढं होतं. नव्या फोटोत ते दुपटीहून जास्त होतं.

"डॉक्टर, मधल्या काळात आत्यांचं वजन वाढलं की घटलं?"

"घटलं. आत्ताच सांगितलं ना."

"त्यांनी झग्याला तीनदा टीप मारली. कुशीला आत घ्यायला कापड उरलं नाही. आणि फोटो म्हणतोय कुशीवरची चरबी दुप्पट झाली. झगा खरा की फोटो?"

तोफ पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "दोन्ही खरे कसे असतील?"

"असू शकतात," मी म्हटलं. "फोटो अगदी खरा आहे. फक्त तो आत्यांचा नाही."

५

मी सगळ्यांना खोलीत बोलावलं. आत्या, वहिनी, भाची, तोफ, अबोली. आईलेकी दोन टोकांना उभ्या, मधे आत्या. भोंगा दारात, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"भोंगाशेट," मी म्हटलं, "आत्यांना तुम्ही आत्या म्हणता?"

"मी? नाही बा! नियम आहे. नाव नाही, आडनाव नाही, नातं नाही. मी फक्त 'आत या' म्हणतो."

"आणि कुणाकडे बघून म्हणता?"

"बघायचं कशाला? ज्याचा नंबर तो उठतो. वीस वर्षांत कधी चुकलं नाही."

"आता एकदा म्हणून दाखवा बरं. नेहमीसारखं, मोकळ्या आवाजात."

भोंग्यानं छाती भरून घेतली. "आत याऽऽ!"

आणि आत्या, खोलीच्या मधोमध बसलेल्या आत्या, सवयीनं म्हणाल्या, "ओ!" आणि उभ्या राहिल्या.

भाचीनं तोंडावर हात नेला. "अगं बाई! आत या... आत्या!"

"सगळी गल्ली जिला आत्या म्हणते, तिला दुसरं काय ऐकू येणार?" मी म्हटलं. "आत्या त्या दिवशी बाकावर टेकल्या. नंबर दुसऱ्या बाईंचा होता, मशीनवर त्यांचाच नंबर लावलेला. भोंग्यानं आरोळी दिली. आत्यांना वाटलं, किती मायेनं हाक मारतोय. उठल्या आणि गेल्या. अबोलीनं हातानं पलंग दाखवला. नाव विचारलं नाही, कारण अबोली काही विचारतच नाही. आत्यांचं छान निळं लिव्हर दुसऱ्या बाईंच्या नावावर चढलं. मग अबोलीनं पुढचा नंबर लावला, तो आत्यांचा. भोंगा परत ओरडला, आणि इतका वेळ ताटकळलेल्या त्या दुसऱ्या बाई आत आल्या. त्यांचं लाल लिव्हर आत्यांच्या माथी. एक बोलतो पण नाव घेत नाही, दुसरी नाव विचारू शकते पण बोलत नाही. जोडी जमली!"

अबोलीचे डोळे भरून आले. भोंग्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

वहिनी मात्र मुलीकडे वळल्या. "ऐकलंस? विष घालतेय म्हणे!" त्यांनी पिशवी छातीशी धरली. "परक्यानं म्हटलं असतं तर सोसलं असतं गं. तू म्हणालीस."

"आई..." भाची एक पाऊल पुढे आली.

"आणि कुंडीचं काय?" वहिनींनी मोर्चा आत्यांकडे वळवला. दाराबाहेरून बहुतेक सगळं ऐकलेलं होतं. "पहिलवानाची पावडर झाडाला घातलीत, वन्सं? मी रोज पेला रिकामा बघून देवाचे आभार मानत होते!"

"चुकलं हो वहिनी," आत्या म्हणाल्या. "पण तुमच्या हाताला नाही म्हणवत नाही."

हे सगळं ऐकताना माझं निम्मं लक्ष पडद्यावर होतं. मी आत्यांच्या आधीच्या नंबरचा फोटो उघडला होता. पातळ थर, निळं लिव्हर. आत्याच, शंभर टक्के. आत्या वाचल्या म्हणून खोलीतले सगळे हसत-रडत होते, आणि मी मात्र दोन्ही फोटो परत शेजारी लावले.

निळं लिव्हर आत्यांचं. मग लाल कुणाचं? कुठल्या बाईंना आम्ही 'तुमचं लिव्हर उत्तम' असा कागद देऊन पुरा डोस चालू ठेवला होता? अंगानं भरलेली. सँडल घट्ट होणारी; लिव्हर थकलं की पाय सुजतात. जिचा नंबर चुकवून कोणीतरी आत घुसलं होतं.

मी दाराबाहेर धावले. बाक रिकामा होता.

"पोस्टातल्या बाई कुठे गेल्या?"

"वर," भोंगा म्हणाला. "केमोला. मघाशीच बोलावणं आलं त्यांना."

६

लिफ्टची वाट बघायला माझ्याकडे वेळ नव्हता. मी जिन्यानं निघाले, मागून तोफ, त्यांच्या मागून भोंगा. तोफ दोन-दोन पायऱ्या चढत होते आणि चढता चढताच ओरडत होते, "सिस्टर! थांबाऽऽ! सुरू करू नका!" त्यांच्या आवाजाचा हॉस्पिटलला उपयोग झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

पोस्टातल्या बाई आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. सँडल बाजूला काढलेल्या, घोट्यावर पट्ट्याचे खोल वळ. हातात सुई टोचलेली, नुसतं सलाइन चालू होतं. औषधाची पिशवी सिस्टरच्या हातात, नळी लावायचीच बाकी होती. तोफेच्या आवाजानं सिस्टर जागच्या जागी थिजल्या होत्या.

"काय हो," पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "आता इथेही माझा नंबर चुकवताय?"

"चुकवतेय," मी म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी बसले. गोल गोल बोलणं मला जमत नाही. "बाई, तो मऊ लोण्याचा रिपोर्ट तुमचा नव्हता. चूक आमची. आज औषध घ्यायचं नाही. दुपारी उपाशीपोटी खाली या, परत फोटो काढू, मी स्वतः काढणार."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी वर घेतलेले पाय खाली सोडले. मग हळूच म्हणाल्या, "वाईट निघालं तर?"

"तर आज कळेल. आज कळलं म्हणजे वेळेत कळलं."

दुपारी दोघींचे फोटो मी काढले. आत्यांचं लिव्हर निळं, मागच्यासारखंच. पोस्टातल्या बाईंचं लाल. पोटात डावीकडे असते ती प्लीहाही सुजलेली होती; सुजली की ती रक्तातल्या प्लेटलेट अडकवून ठेवते. गेले काही आठवडे त्यांच्या प्लेटलेट का घसरत होत्या, त्याचं उत्तर तिथे होतं. तोफ वाकून फोटो बघत होते.

"हा डोस गेला असता तर?" मी विचारलं.

"नका विचारू," ते म्हणाले. मग पोस्टातल्या बाईंकडे जाऊन, खुर्ची ओढून, त्यांनी चक्क हळू आवाजात समजावलं. लिव्हरला मारणारं औषध बंद. दुसरं हलकं औषध. लिव्हर हा मोठा मनाचा अवयव आहे, मार थांबवला की बराचसा सावरतो. मधे मधे फोटो काढून बघत राहायचं, सुई न टोचता. पोस्टातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे त्या शिवणवाल्या बाई माझ्या नंबरात घुसल्या म्हणून गोंधळ, आणि त्यांचीच भाची तुमच्याकडे रडत आली म्हणून मी वाचले. आता भांडू की पाया पडू?"

"आधी भांडा," शेजारून आत्या म्हणाल्या. "मग मी तुमच्या सँडलचे पट्टे वाढवून देते."

संध्याकाळी मी निघाले तेव्हा आत्यांचा उरलेल्यांपैकी पहिला डोस चालू होता. खाली बाकावर आईलेकी बसल्या होत्या. मधे अजून एका माणसाची जागा होती. भाची म्हणाली, "आई, मी काय बोलले ते..." वहिनींनी तिला बोलूच दिलं नाही. पिशवीतून पहिलवानाचा डबा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "घे. हसायचंय ना? हस." मुलीनं त्या फुगवलेल्या दंडांकडे बघितलं, हसायला गेली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडली. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. डबा मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकायला लावला. झाडाच्या वाट्यालाही नको.

७

केमो संपल्यानंतरचा फोटो काढायला आत्या आल्या, तेव्हा झग्याची एक टीप उसवलेली होती. अंग धरू लागलं होतं. शेजारी पोस्टातल्या बाई, नव्या पट्ट्यांच्या सँडल घालून. त्यांच्या पडद्यावरचा लाल रंग आता पिवळ्यावर आला होता, निळ्याच्या वाटेवर. दोघी बाकावर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या आणि रांगेतल्या प्रत्येकाला ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगत होत्या.

आमच्याकडे आता नवी पद्धत आहे. भोंग्यानं समोर जाऊन, डोळ्यात बघून बोलवायचं, आणि आत आल्यावर अबोलीनं तोंडानं नाव विचारायचं. पेशंटनं स्वतः सांगायचं. अबोलीला पहिले काही दिवस ताप आल्यासारखं झालं, पण आता बोलते. जरा जास्तच बोलते.

भोंगा बाकासमोर येऊन उभा राहिला. कमरेत वाकला. घसा खाकरला.

"आत्या," तो म्हणाला, "आत या."

आत्या हसत उठल्या. आत अबोली पलंगाशी उभी होती. "तुमचं नाव?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं, दारातल्या वहिनींकडे आणि भाचीकडे बघितलं. जरा वेळ लागला. मग मान ताठ करून त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, आई-वडिलांनी ठेवलेलं, पुरं, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

"अगदी बरोबर," अबोली म्हणाली. मी प्रोबवर जेल घेतलं आणि पडद्यावर निळा रंग यायची वाट बघू लागले.